साहेबांची दोरी आणि माझी हळद

आमच्या ह्यांना कसलंही व्यसन नाही. विडी नाही, तंबाखू नाही, पत्ते नाहीत. दोरी आहे. नव्वद फूट लांब, रेशमी, शेवाळी रंगाची, मासे धरायची. लालबागच्या आमच्या चाळीत तिच्यापायी मी जेवढी भांडणं केलीत, तेवढी नळावरसुद्धा केली नाहीत.

बरं, दोरी यांची नाहीच. दादरच्या एका वकीलसाहेबांची. हे त्यांच्याकडे अठ्ठावीस वर्षं शिपाई होते. साहेबांना तळ्यावर जाऊन मासे धरायचा नाद. आमच्या गावाकडे गरीला गांडूळ लावतात, विषय संपला. साहेब पिसांची खोटी माशी बांधायचे. ती पाण्यावर तरंगायची तर दोरी तरंगली पाहिजे, आणि दोरी तरंगायची तर ती स्वच्छ पाहिजे. म्हणून दर सोमवारी "कुशाबा, दोरी ने रे."

कोमट पाणी, बाळाचा साबण, पुसायला माझ्या मलमलच्या साडीचा तुकडा. मग गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाळत. ओली राहिली तर कुजते म्हणे. वाळली की वरून मेण चोळायचं. शेजारच्या दर्शनाने एकदा तिच्यावर बाळाची दुपटी टाकली, तर हे आतून ओरडत आले, "उचल ती! दोरी आहे, वलण नव्हे!" दर्शना महिनाभर माझ्याशी बोलली नाही. यांच्याशी नाही, माझ्याशी!

"तुम्ही फेकलीत का कधी?" मी विचारायचे. साहेब दरवर्षी म्हणत, "पुढच्या खेपेला तू फेक, कुशाबा." ती खेप आलीच नाही. साहेब जाऊन दोन वर्षं झाली. दोरी आमच्याकडे राहिली, आणि दोन वर्षांत तळ्याचं तोंड न पाहिलेली दोरी हे दर सोमवारी धुतायत. काय बोलायचं या माणसाला?

नवरात्रात साहेबांच्या नातीचा, नूपुरचा फोन आला. "काका, दसऱ्यानंतरच्या रविवारी तळ्यावर जाऊ. आधी तुम्ही फेका. मग दोरी मी घेऊन जाईन." झालं! रोज सकाळी समोरच्या मैदानात बांबूच्या काठीला दोरी लावून सराव सुरू. तिसऱ्या दिवशी मात्र अर्ध्यातूनच घरी आले.

"काय झालं?"

"हातातून सुटली की दिसत नाय गो."

मोतीबिंदू. वर्षभर घसा फोडतेय, ऑपरेशन करून घ्या. ऐकतील तर शपथ! म्हणे, "नूपुरला सांगू नकोस. ती नेणार नाही मग. एकदाच तर फेकायचीय."

राग आला तसं पोटात तुटलंही. म्हणून खंडेनवमीला कोयता, विळी, शिलाई मशीन पुजताना मी दोरीही पाटावर मांडली. यांचं हत्यार तेच ना? हळदीची पाच बोटं ओढली, कुंकू लावलं, झेंडू वाहिला. म्हटलं, बाय माझे, एकदा यांना नीट दिस.

"लक्ष्मी! काय केलंस हे!"

आणि मला विचारायचं सोडून टबात साबणाचं पाणी. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. यांना नाही. लाल पाणी बघून हे बावचळले, अख्खी दोरी टबात दाबून खसाखसा चोळायला लागले. साध्या पाण्यात खळबळून बाहेर काढली तेव्हा नव्वद फूट पिवळीधमक! मी पाच बोटं लावली होती. बाकी हळद यांनी चढवली.

"साहेबांची वस्तू," एवढंच म्हणाले. "परत देताना अशी देऊ?" चिडले असते तर मीही चार शब्द ऐकवले असते. ते खरं बोलले, म्हणून जास्त लागलं. शनिवारी मेण चोळून टबात टाकली तर तरंगली, तरी तोंड एवढंसंच.

रविवारी नूपुर गाडी घेऊन आली. मीच पुढे झाले. "बाळा, चूक माझी. पूजा केली आणि रंग बसला." तिने दोरी बोटांतून ओढून पाहिली. "काकू, मऊ तर तश्शीच आहे," म्हणाली आणि यांना घेऊन गेली.

दुपारी फोन वाजला. पलीकडे नुसता श्वास.

"अहो, बोला की! पडलात का पाण्यात?"

"दिसली गो," हे म्हणाले. "पिवळी होती ना. पार टोकापर्यंत दिसली."

डोळ्यांना पदर लावला आणि स्वतःवरच वैतागले.

"आणि मासा?"

"लागला ना! एवढा मोठा!"

"मग आणताय ना?"

"सोडला. साहेब सोडायचे."

सोडला! अठ्ठावीस वर्षं माझ्या साड्या फाडल्या, गॅलरीभर शत्रू केले, आणि जन्मातला पहिला मासा सोडून दिला! डोंबल माझं. संध्याकाळी मीच बाजारातून बांगडे आणले, आणि कालवणात हळद जरा जास्तच घातली.