सतरावा प्रश्न

हल्ली सर्वेक्षणाच्या मुली मोबाईलवर बोटं फिरवून मोकळ्या होतात. काही वर्षांपूर्वी आमच्या हातात कागदी फॉर्म असायचे. संकट आलं तर माणूस त्यातून कितपत सावरतो, हे मोजायचं काम. वीस प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण. तेव्हा त्या कामाचा मला भारी वैताग यायचा आणि आज त्याचीच आठवण येते, आता बोला. बायका पाच म्हणायच्याच नाहीत. मी खंबीर आहे असं स्वतःच्या तोंडानं म्हटलं की दृष्ट लागते, म्हणून सगळ्या आपल्या तीनवर.

सुप्याजवळच्या एका वस्तीवर दोन जावा शेजारी शेजारी राहायच्या, त्यातल्या धाकटीचा फॉर्म भरत होते. येत्या सोमवारी तिचं नगरला गर्भपिशवीचं ऑपरेशन होतं. नवरा कंपनीत, त्याला रजा मिळत नव्हती. एकटीनं जायच्या भीतीनं तिची झोप उडाली होती. अंगणात पलीकडे थोरली जाऊ बाजरी पाखडत होती. वाटणी झाल्यापासून दोघींचा अबोला.

सतरावा प्रश्न आला. अडचणीत हाक मारावी असं कुणी आहे का?

"न्हाई. एक लिवा," धाकटी म्हणाली.

मी एकवर गोल केला. पलीकडचं सूप थांबलं.

"म्याडम, तिला इचारा, बाळंतपनात उशाशी कोन बसलं हुतं."

उत्तर जिचं तिनंच द्यायचं, मधे कुणी बोलायचं नाही, असा नियम होता. मी तो सांगितला. ऐकतंय कोण.

"त्यांना सांगा, तवा वाटनी झाली नव्हती," धाकटी मला म्हणाली.

"तिला म्हनावं, बांध रानात घातलाय, दवाखान्यात न्हाई."

"मग त्यांच्या गायांची धार कोन काढील?"

"त्यो घोर तिनं करू नये. सोमवारी पहिल्या गाडीनं निघायचं, एवढं सांगा तिला."

दोघींमध्ये चार पावलांचं अंतर आणि निरोप्या मी. धाकटीनं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "म्याडम, ते एक खोडा. पाच लिवा."

ऑफिसात साहेबांनी फॉर्म परत केला. खाडाखोड चालत नाही, नवा भरून आणा. वैतागात तिच्या ऑपरेशनचा वार विसरून मंगळवारी संध्याकाळी चरफडत पुन्हा गेले, तर दोन्ही दारांना कुलूप. गोठ्यात थोरलीचा नवरा धार काढायला बसला होता आणि गाय त्याला जवळ येऊ देत नव्हती.

"दोघी दवाखान्यात हायेत," तो म्हणाला. "ऑपरेशन नीट झालं. तुमचं काय इचारायचं ते मला इचारा."

कोरा फॉर्म पिशवीत टाकून मी परत फिरले. एसटीत तो सतरावा प्रश्न काही डोक्यातून जाईना. माझी सख्खी बहीण नगरातच राहते. आईच्या पाटल्यांवरून दोन वर्षं आम्ही बोललो नव्हतो. सुप्यापासून नगरपर्यंत तिचा नंबर नुसता बघत बसले. लाज वाटत होती. स्टँडवर उतरल्यावर एकदाचा लावला.

इतके दिवस कुठं होतीस, असलं तिनं काही विचारलं नाही. म्हणाली, "भाजी फोडणीला टाकलीय. ये."