हळव्या नाचणीचं बी

शेतकी संशोधनाच्या कचेरीत मी मदतनीस होते. मावळातल्या डोंगरउतारावरच्या नाचण्या गोळा करायच्या, कुठलं वाण खडकाळ जमिनीत खताशिवाय तगतं आणि कुठलं जास्त सकस, ते तपासायचं. सत्तरच्या आधीची वर्षं. धान्याची टंचाई होती, म्हणून कचेरीला अचानक नाचणीची आठवण झाली होती.

औंढे गावाच्या वर एका वाडीत एक म्हातारी एकटी राहायची. तिची नाचणी हळवी, म्हणजे लवकर पिकणारी. खाचरात भात हिरवं असताना, भादव्यात, तिच्या घरी नव्या नाचणीची भाकरी असे. कणसं मिटलेल्या मुठीसारखी, पावसाचं पाणी आत शिरत नसे. बाकीची वाडी उतारावरची शेती सोडून लोणावळ्यात बंगल्यांवर आणि रेल्वेत कामाला लागली होती. ते वाण तिच्यापाशीच उरलं होतं.

बियाण्याची कणसं निवडून, जुडी बांधून ती चुलीच्या धुरावर टांगायची. मी त्यातली मूठभर मागितली.

"मूठभर कशी देऊ बाय? जुडी पेरायलाच सोडायची असती. मधीच सोडली तर बी रुसतं. न्यायची तर आख्खी ने."

"मग मावशी, तुम्ही काय पेराल?"

"तू आणून देशील की. नेलेलं बी पेरणीआधी माघारी येतंच. का शहरात तेवढी बी रीत न्हाई?"

मी हसले. थोडं तपासणीला, बाकीचं तिला, असं मनात ठरवलं आणि जुडी पिशवीत घातली.

प्रयोगशाळेतला पहिला निकाल इतका चांगला आला की साहेबांचा विश्वास बसेना. पुन्हा तपासा, म्हणाले, या वेळी नमुना जास्त घ्या. जुडीतल्या उरलेल्या दाण्यांची पुडी माझ्या टेबलाच्या खणात होती. हे कुणाचं तरी बियाणं आहे, असं मी म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. तिच्या घरात नाचणीची कणगी मी पाहिली होती, त्यातलं ती पेरील असं धरून चालले. पुडी मीच नेऊन दिली. दळून झाली. निकाल तोच आला.

ज्येष्ठात कचेरीचं सुधारित बी घेऊन वाडीवर गेले. रोपं टाकायला पालापाचोळा जाळून तिनं राब भाजून ठेवला होता.

"आलीस? मी म्हनलं, इसरली."

तिनं दाणे तळहातावर पसरले, एक दाताखाली घेतला.

"हे माजं न्हाई."

"तुमचं तपासायला दळलं, मावशी."

"समदं?"

"सगळं. कणगीतलं पेरता येणार नाही?"

"ती खायची. हळवी-गरवी एका जागी झोडल्याली. आन् ती बी चैतातच सरली." तिनं तळहातावरचे दाणे पदरात घेतले. "मग काय निघालं तपासात?"

"सगळ्यात सकस निघाली."

"मला इचारलं असतंस तर मीच सांगितलं असतं."

कचेरीचं बी तिनं पेरलं. ते गरवं, उशिरा पिकणारं निघालं, कणसं उघडी. परतीच्या पावसात काळी पडली. आश्विनात ती लोणावळ्यात एका बंगल्यावर भांडी घासायला उतरली आणि पुन्हा वाडीवर गेली नाही. बाजारात एकदा भेटली. मला बोल लावला नाही. नोकरी चालू आहे का, एवढंच विचारलं.

मी कुसगावापर्यंत वाड्या पालथ्या घातल्या. मिटल्या मुठीची नाचणी कुठं मिळाली नाही.

पुढं अहवाल छापला. त्यात तिच्या वाणाला क्रमांक होता. तो वाचून दुसऱ्या जिल्ह्यातून बियाण्याची मागणी आली. उत्तराचा मसुदा माझ्याकडं होता. मी लिहिलं, बी उपलब्ध नाही, कारण ते मी दळायला दिलं. साहेबांकडून टाइप होऊन आलं तेव्हा तिथं 'नमुना संपला' असं होतं. मी सही केली.