तिकीट मोठ्यानं वाचा

घरातलं कुणी विमानाला निघालं की मी दारातच तिकीट मोठ्यानं वाचायला लावते. ही खोड मुलुंडच्या एका टॅक्सीवाल्या काकांची.

त्या दिवशी नागपूरला आईचं ऑपरेशन होतं, विमान गाठायला मी त्यांच्या टॅक्सीत बसले आणि काका गाडीच सुरू करेनात.

“टर्मिनल कुठलं, ताई?”

“दोन. चला ना!”

“तोंडी नको. तिकीट काढा, मोठ्यानं वाचा.”

चिडून मी फोन उघडला. टर्मिनल एक होतं.

मग काकांनी गाडी सुरू केली. पुढे प्रत्येक सिग्नलला आरशातून विचारत राहिले, “आधारकार्ड हाताशी आहे ना?”

उतरताना मी आभार मानले, तर ते स्टिअरिंग पुसत म्हणाले, “मागे एकजण असाच दोन म्हणाला. मी दोनला सोडला. विमान चुकलं. वडिलांचं शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही त्याला.”