उधन्यातली लिनक्स मंडळी

जिथं कुणालाच पगार नसतो, तिथं किस्से फार साचतात. आमचंच बघा. लिनक्स म्हणजे जगभरच्या लोकांनी हौसेनं, बिनपगारी बनवलेली ऑपरेटिंग सिस्टिम. जुन्या कॉम्प्युटरांवर ती बसवून द्यायची आणि तिचं मराठी करायचं, एवढ्यासाठी रविवारी आम्ही चौघं गुजरातमधल्या उधन्यात विहारामागच्या खोलीत जमायचो. रिपेअरिंगचं दुकान असलेला जिग्नेश, मराठी शाळेतल्या सुनंदाताई, पलसाण्याच्या डाईंग मिलमध्ये कामाला असलेला दीपक, आणि मी.

*

जिग्नेशनं एका लूमवाल्या शेठच्या ऑफिसात लिनक्स टाकलं. शेठनं विचारलं, "किस कंपनी का है?"

"किसी का नहीं, शेठ. सबका है."

शेठ विचारात पडला. "तो बिगड़ेगा तब गाली किसको दूँगा?"

जिग्नेशनं स्वतःचा नंबर लिहून दिला. शेठ अजून नेमानं फोन करतो.

*

मेनूतले शब्द सुनंदाताई मराठीत आणायच्या. अडकलेला प्रोग्रॅम बंद करायच्या बटणावर इंग्रजीत 'किल' असतं. दीपकनं 'मारा' सुचवलं. ताई म्हणाल्या, "माझ्या मुलांच्या कॉम्प्युटरवर मारामारी नको." मग 'थांबवा' ठरलं.

पुढं मुलं कमी झाली आणि ताईंची शाळा गुजराती शाळेत मिसळली. आमचं लिनक्स असलेले शाळेचे कॉम्प्युटरही तिकडेच गेले. थोड्याच दिवसांत त्याच मुलांनी ताईंना गाठलं. "मॅडम, आ भाषा बदली आपो ने."

ताईंनी स्वतःच्या हातानं गुजराती लावलं. आम्हाला एवढंच म्हणाल्या, "दोन क्लिक लागले."

*

दीपकनं मराठी टाइप करायचा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. लिनक्सबरोबर तो कुठं कुठं जायचा. परदेशातून आभाराचा मेल आला, तेव्हा दीपकनं तो वडिलांना वाचून दाखवला.

ते अहिराणीत म्हणाले, "त्यास्ले सांग, तुले एखादी चांगली नोकरी देखा."

हे सांगताना दीपक हसत होता. आम्हाला हसता आलं नाही.

*

मागच्या वर्षी ड्युटीवरून येताना हायवेवर ट्रकनं दीपकच्या बाईकला उडवलं. तो जागेवरच गेला.

प्रोग्रॅमच्या तक्रारी मात्र येतच होत्या. एकानं वैतागून इंग्रजीत लिहिलं, "उत्तर का देत नाही? मेलात की काय?"

मी कळवलं, "होय. दीपक गेला."

मग त्या माणसानं माफी मागितली. आणि ज्या चुकीची तक्रार होती, ती स्वतःच दुरुस्त करून पाठवली.

*

प्रोग्रॅम सांभाळणारं कुणी उरलं नाही, की लिनक्सवाले त्याच्यापुढे 'अनाथ' असा शेरा मारतात. मग दुसरं कुणीतरी तो दत्तक घेतं. शब्द खरोखर हेच आहेत.

दीपकच्या प्रोग्रॅमला तो शेरा लागला, त्याच रविवारी त्याची आई खोलीवर आली. मुलगा कुठं बसायचा ते तिला बघायचं होतं. जिग्नेशनं खुर्ची पुसून दिली. समोर स्क्रीनवर त्याच्या प्रोग्रॅमची माहिती देणारं, ताईंनी मराठीत आणलेलं पान उघडं होतं. आईनं बोट ठेवून मुलाचं नाव वाचलं. मग पुढचा शब्दही वाचला.

"अनाथ?"

ताई घाईघाईनं म्हणाल्या, "दीपकला नाही हो म्हटलेलं. त्याच्या प्रोग्रॅमला म्हटलंय. आता त्याला बघणारं कुणी नाही ना, म्हणून. कुणी दत्तक घेतला की तो शब्द निघून जाईल."

"दुसरं कोनी कसाले? मी शे ना," आई म्हणाली. "माले काय काय शिकनं पडी?"