सीटकव्हरवाल्या बाईंचा माळा

आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या बाई गाड्यांची सीटकव्हरं शिवतात. चोवीस वर्षं, एकाच दुकानात. गाडी समोर येऊन थांबली की त्या दार उघडतात, सीटवरून एकदा हात फिरवतात आणि रेक्झिन किती लागेल ते सांगून मोकळ्या होतात. मालक सुरुवातीला मागून टेप लावून बघायचा. दोन वर्षांनी त्याने तो नाद सोडला.

तीन वर्षांपूर्वी त्यांची भावजय आजारी पडली. उपचार लांबच्या शहरात होणार होते, तेही वर्षभर. भावाला तिच्याजवळ राहणं भाग होतं. मग दोन मुलींचं काय? बाईंनी फोनवरच सांगून टाकलं, "इकडे पाठव. त्यात विचार कसला करतोस?"

फोन ठेवल्यावर त्यांच्या यजमानांनी विचारलं, "अगं, पण ठेवणार कुठे?"

प्रश्न रास्त होता. घर दोन खोल्यांचं. यजमान टपालाच्या कामावर पहाटे चारला जाणारे आणि दुपारी झोपणारे. धाकटी भाची सहा वर्षांची, पायाला भिंगरी लावल्यासारखी. थोरली अकराची, भिंतीकडे तोंड करून पुस्तक वाचत बसणारी. तिसऱ्या आठवड्यात धाकटीचा चेंडू झोपलेल्या आतोबांच्या पोटावर आदळला, ते दचकून उठले, धाकटीने भोकाड पसरलं आणि थोरली पुस्तक मिटून थेट रस्त्यावर जाऊन उभी राहिली. संध्याकाळी बाईंनी शिडी लावली आणि माळ्यावर चढल्या.

हा माळा सतरा वर्षं तसाच पडून होता. घर बांधताना वर एक खोली काढायची म्हणून छप्पर उंच घेतलं होतं. पुढे ते राहून गेलं. वर उघड्या तुळया, पाण्याचा पाइप आणि कबुतरांनी केलेली घाण. बाईंनी मोबाइलच्या उजेडात सगळीकडे हात फिरवला. खाली आल्या आणि म्हणाल्या, "पोरींना खेळायला झकास जागा होईल."

"पडेल," यजमान म्हणाले.

"काय पडेल?"

"काहीही. तू, पोरी, छत."

बाईंनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी त्या मागच्या गल्लीतल्या सुतारकाकांकडे गेल्या. काकांचं वय चौऱ्याहत्तर. हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी करवत बाजूला ठेवली होती. लोकही हळूहळू यायचे थांबले होते.

"काका, तुमची नजर पाहिजे. हात माझे आहेत."

काकांनी त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. "तू कापड कापणारी. लाकूड कापशील?"

"तुम्ही सांगाल तसं कापीन."

यजमानांनी शिडी धरली, बाईंनी मागून आधार दिला आणि काका वर पोचले. त्यांनी एका तुळईवर मुठीने ठोकलं, मग दुसरीवर. "या फक्त खालचं छत धरायला घातल्यात. यांच्यावर पोरी नाचल्या तर थेट तुमच्या पलंगावर उतरतील."

यजमानांनी खालून बायकोकडे बघितलं. चेहरा सगळं बोलून गेला.

"मग काय करायचं?" बाईंनी विचारलं.

"प्रत्येक तुळईला खेटून दुसरी जाड तुळई. दोन्ही टोकं भिंतीवर टेकली पाहिजेत. मग फरशीऐवजी फळ्या. नवं लाकूड परवडायचं नाही, जुनं बघू."

लाकूड मिळालं एका शाळेची जुनी इमारत पाडत होते तिथे. काका ढिगाऱ्यापाशी स्टूल टाकून बसले आणि बोटाने दाखवत गेले: ही घे, ती नको, तिला कीड आहे. बाईंनी नऊ तुळया निवडून घेतल्या. तिथलीच एक खिडकी गजांसकट पदरात पडली आणि एका कपाटाचं छोटं दार मुकादमाने असंच देऊन टाकलं.

पुढचे सगळे रविवार माळ्यावर गेले. पहिलीच तुळई बाईंनी दोन बोटं आखूड कापली. नेहमीप्रमाणे नजरेनेच माप घेतलं होतं. लाकूड भिंतीपर्यंत पोचेना तेव्हा त्या कानापर्यंत लाल झाल्या. इतक्या वर्षांत त्यांचं माप कधी चुकलं नव्हतं.

"कापडाला जोड देता येतो गं," काका शांतपणे म्हणाले. "लाकडात दोनदा मापायचं, एकदा कापायचं. ती तुळई ठेव बाजूला. जिन्याच्या पायऱ्यांना होईल."

बाईंनी खिशातली टेप काढली. त्यानंतर एकही तुकडा वाया गेला नाही.

तुळया बसल्या, फळ्या ठोकल्या गेल्या, भिंतीत शाळेची खिडकी बसली, शिडीच्या जागी कठडा असलेला पक्का जिना आला. छप्पर उतरतं असल्यामुळे कडेला मोठ्या माणसांना वाकावं लागे. बाईंचं स्वतःचं डोकं दिवसातून चारदा आपटे. मग त्यांनी दुकानातले उरलेले फोमचे तुकडे आणि रेक्झिनची रंगीबेरंगी कात्रणं मागून आणली आणि हाताला लागेल तो प्रत्येक वासा सीटसारखा मढवून टाकला. या कामात त्यांना काकांच्या नजरेची गरज नव्हती. एका मोडीत निघालेल्या बसची लांब सीटही त्यांनी नवीन कव्हर घालून वर चढवली.

धाकटीच्या मागण्यांना अंत नव्हता: झोपाळा, घसरगुंडी, गुहा, दुर्बीण. थोरली मात्र वर यायला तयार नव्हती. "मी काही खेळायच्या वयाची नाही, आत्या."

"बरं. नको खेळूस. तुला वर काय हवं ते सांग."

थोरलीने हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "दार."

बाईंनी काहीही न विचारता छप्पर सर्वांत खाली उतरतं त्या कोपऱ्यात फळ्यांची आडभिंत घातली आणि मुकादमाने दिलेलं कपाटाचं दार तिला बसवलं. आत एक गादी, एक दिवा आणि वहीपुरती फळी. कडी लावली नाही. पण घरात नियम केला, की ठोकल्याशिवाय हे दार कुणी उघडायचं नाही. धाकटीनेसुद्धा.

आता राहिली परीक्षा. काकांनी सांगितलं, "आधी सगळ्यांत जड माणूस चढव."

सगळ्यांनी यजमानांकडे पाहिलं.

"अहो, तुम्ही म्हणजे चार पोरींच्या वजनाचे," बाई म्हणाल्या. "तुमच्याखाली टिकलं तर पुढे काळजी नाही."

यजमान कठडा धरून चढले. आधी एक पाय, मग दुसरा. मधोमध उभे राहिले. फळी करकरलीसुद्धा नाही. "उड्या मारा," धाकटीने जिन्यावरून फर्मान सोडलं. त्यांनी एक अगदी छोटी उडी मारली, मग जरा मोठी. शेवटी बसच्या सीटवर जाऊन बसले आणि खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "वारा चांगला येतो की इथे."

त्या वर्षात भावजयीच्या तब्येतीचे बरेच चढउतार झाले. एकदा वाईट फोन आला, त्या दुपारी थोरली शाळेतून आली ती सरळ वर गेली. बाई मागोमाग गेल्या. छोट्या दाराआडून रडण्याचा आवाज येत होता. त्यांचा हात दारावर ठोकायला उठला, पण त्यांनी तो मागे घेतला आणि तिथेच फळीवर बसून राहिल्या. दार आतून उघडेपर्यंत बसल्या. मग थोरलीने त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. 

चौदा महिन्यांनी भावजय बरी होऊन आली. अशक्त होती, पण हट्टाने प्रत्येक पायरीवर थांबत वर गेली. धाकटीने तिला सगळा माळा हिंडवून दाखवला, थोरलीने दारावर ठोकायची रीत समजावून सांगितली. आठवड्याने मुली आपल्या घरी गेल्या. बाई दोन दिवस माळ्यावर चढल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी समोरच्या घरातली नर्स आली. तिच्या जुळ्यांना शाळेनंतर दोन तास बसवायला जागा नव्हती. बाई म्हणाल्या, "चपला खाली काढायच्या, एवढंच सांग त्यांना."

ते जुळे बघून शेजारच्या चौकातल्या दोन घरांनी आपलेही माळे करून मागितले. सध्या बाई आठवड्यातले चार दिवस दुकानात जातात आणि उरलेले दिवस लोकांच्या माळ्यांवर. काका स्टुलावर बसून लाकूड निवडतात, अर्धी मजुरी घेतात आणि आलेल्या गिऱ्हाइकाला आधीच बजावतात, "करवत बाईंच्या हातात असते. घाई करायची नाही."