पहिल्याच खुनात दिसलेला चेहरा

लेन्स रुमालानेच पुसायची, शर्टाने कधी नाही. लग्नात आधी कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यांचं शूटिंग करायचं. शेवटच्या पंगतीला जेवायचं. कॅसेटवर नावं घालताना नवरीचं आधी. मी नुसता मराठीचा बी.ए.; मला मात्र 'लेखकसाहेब' म्हणायचं.

असे सगळे नियम पाळणारे यासीनभाई परवा गेले. पनवेलच्या बाजारात, दुकानाचं शटर उचलताना. मला अजून ते खरं वाटत नाही.

लग्नांचं व्हिडिओ शूटिंग हा त्यांचा धंदा. पण त्यांना सिनेमा करायचा होता. तळोज्याच्या कारखान्यात एकामागून एक खून होतात आणि खुनी कोण, ते शेवटपर्यंत कळत नाही. गोष्ट मी लिहिली. खुनी झाले माझे बाबा, विनायक गुरुजी. त्यांच्यावर कोण संशय घेणार?

"खुनाच्या वेळी फक्त हात दाखवा," मी बजावलं होतं.

पहिल्या खुनात भाईंनी हात दाखवला. मग कॅमेरा वर गेला आणि बाबांच्या चेहऱ्यावर थांबला. बाबाही लग्नात हसतात तसे थोडे हसले.

हे कळलं ते शाळेच्या हॉलमध्ये, सगळ्यांसोबत सिनेमा बघताना.

"गुरुजी, त्या इन्स्पेक्टरला सांगून टाका ना," मागून काशीराम रिक्षावाला म्हणाला. "बिचारा उगाच हिंडतोय."

हॉल हसत सुटला. बाबासुद्धा.

"भाई, चेहरा कशाला घेतलात?"

"हात सवयीने वर गेला, लेखकसाहेब. लग्नात एक चेहरा सुटला तर वर्षभर बोलणी खावी लागतात." मग म्हणाले, "पुन्हा जोडतो. नीट करून मुंबईच्या स्पर्धेला पाठवू."

जोडायचं म्हणजे मूळ कॅसेटवरून नको ते गाळत दुसऱ्या कॅसेटवर उतरवायचं. काम अर्ध्यावर आलं आणि बाबा वारले. त्यांचा हलताबोलता चेहरा दुसरीकडे कुठेच नव्हता. भाईंनी मूळ कॅसेट आणून आईच्या हातात दिली.

"काकू, सावकाश बघा."

"आम्हाला प्रत चालेल," मी म्हटलं.

"प्रतीत चेहरा फिका पडतो."

"आणि स्पर्धा?"

"ती काय, पुढच्या वर्षीही असेल."

आई रोज बघायची. बाबा खून करून हसायचे, मग आईही हसायची. त्या दिवसांत घरात तेवढंच हसू होतं, तेही भाईंनी दिलेलं. त्यांनी कॅसेट कधीच परत मागितली नाही.

आज भाईंच्या घरी फहमिदाभाभींनी त्यांची नवी जोडणी मला दिली. तिच्यात हात आहे, सुरी आहे, चेहरा नाही. इन्स्पेक्टर जीपमधून उतरतो, कारखान्याच्या फाटकाकडे चालू लागतो. फाटकापाशी तो पोचत नाही. पुढे कॅसेट कोरी आहे.