उंबऱ्याबाहेरच्या चपला

शहाद्याला कापसाचं रिकामं गोडाऊन भाड्यानं घेऊन मी लहान मुलांसाठी मऊ गाद्यांचा, स्वस्तातला खेळहॉल उघडतोय. माझी शाळा आठवीतच सुटली, माझं गावही इथून लांब. हॉल चालेल का, हीच धास्ती.

परवा एक बाई नातीला कडेवर घेऊन दारात थांबली. उंबऱ्याबाहेर झिजलेल्या चपला काढून आत आली, तळहातानं गादी दाबून पाहिली.

"मन्हं बी तिकीट लागी का, भाऊ?"

"मोठ्यांना नाही, मावशी." ते मी त्याच क्षणी ठरवलं.

"मंग येसू. पोरगी खेयी, मी जराशी बससू. घरमा कोन बसू देस!"

ती गेल्यावर मी घसरगुंडी सरकवली आणि भिंतीशी बायकांसाठी एक गादी टाकली. हे मला सुचलंच नव्हतं, उपकार तिचे. नाव मात्र विचारायचं राहिलं.

रविवारी हॉल उघडेल. माझं लक्ष उंबऱ्याबाहेरच असेल, त्या चपलांसाठी.